संक्षिप्त रूपाबद्दलचा माफीनामा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अपूर्णांकांना संक्षिप्त रूप द्यायला शिकविल्याबद्दल माझ्याकडून लिहून घेतलेला माफीनामा मूळ प्रतीत परत मिळणे व त्यावरून काढलेले परिपत्रक मागे घेणे, याबाबत.

संदर्भ : १) इयत्ता पाचवी, पहिली चाचणी, गणिताची उत्तरसूची
२) आपल्या कार्यालयाचे एका ओळीचे पत्र, दि. २ नोव्हेंबर
३) माझा माफीनामा, दि. १९ नोव्हेंबर
४) परिपत्रक ‘नमुना खुलासा’, दि. ११ जानेवारी

महोदय,

१. मी खाली सही करणारी, आपल्या अखत्यारीतील प्राथमिक शाळेत बावीस वर्षे पाचवीच्या वर्गाला गणित शिकवीत आहे. आजवर मी आपल्या कार्यालयाकडे तीनच अर्ज केले. दोन रजेचे आणि एक वर्गाच्या गळक्या छताचा. दोन्ही रजा मंजूर झाल्या. हा चौथा अर्ज आहे. तो लांबला आहे याची मला जाणीव आहे. पण माफीनामा चार ओळींचा होता म्हणून तो परत मागणेही चार ओळींत बसते असे नाही.

२. ज्या शिकविण्याबद्दल मी माफी मागितली, ते काय होते हे आधी सांगते. आमच्या वर्गातील एका मुलीचे वडील शिंपी आहेत. कपड्याचा आकार आखून उरलेल्या खाकी कागदाच्या पट्ट्या ते दरवर्षी शाळेला देतात. प्रत्येक मुलाला एक पट्टी मिळते. आधी तिच्या तीन सारख्या घड्या घालायच्या, मग प्रत्येक घडीच्या पुन्हा चार. झाले बारा भाग. त्यातले आठ रंगवायचे. मग बारीक घड्या विसरून फक्त मोठ्या घड्या पाहायच्या, तर तीनपैकी दोन रंगलेल्या दिसतात. म्हणजे ८/१२ आणि २/३ ही एकाच पट्टीची दोन नावे. अंश आणि छेद या दोघांना चारने भागले की मोठ्या नावावरून छोट्या नावावर येता येते. मुले याला ‘काट मारणे’ म्हणतात. छोटे नाव का घ्यायचे, तर ते डोळ्यांसमोर उभे राहते आणि पुढच्या गणितात जड होत नाही. एवढेच शिकविले. बावीस वर्षे एवढेच शिकवीत आले.

या शिंप्याच्या मुलीला वर्गात सगळे ‘शंका’ म्हणतात, कारण तिला प्रत्येक गोष्टीवर एक तरी असते. ८/१२ हा २/३ पेक्षा मोठा, असे ती दोन आठवडे धरून बसली होती. आठ दोनपेक्षा मोठे, बारा तीनपेक्षा मोठे, मग अपूर्णांक मोठा का नाही, हा तिचा मुद्दा होता आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. मी तिला चूक म्हटले नाही, पट्ट्या दिल्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती खिडकीपाशी दोन पट्ट्या एकीवर एक धरून उजेडात बघत उभी होती. नंतर शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, “बाई, तुकडे वाढलेत. पट्टी नाही वाढली.”

आपल्या कार्यालयाने मला आजवर नऊ प्रशिक्षणांना पाठविले आहे. या पाच शब्दांइतके नेमके त्यांपैकी एकाही ठिकाणी कोणी बोलले नाही. त्या दिवशी मी बस सोडून घरी चालत गेले.

३. ऑक्टोबरमध्ये आपल्या कार्यालयाची चाचणी झाली. वीस प्रश्न, चाळीस गुण. त्यातले सहा प्रश्न अपूर्णांकांचे होते. उदाहरणार्थ, चौथा प्रश्न : ५/१२ + ३/१२ = किती? माझ्या वर्गातील चौतीसपैकी एकतीस मुलांनी लिहिले, २/३. उत्तरसूचीत होते ८/१२. एकतीस मुलांना शून्य. सहाही प्रश्नांत हेच.

उरलेल्या तिघांना पूर्ण गुण मिळाले. त्यांपैकी एक मुलगा गालगुंडांमुळे अपूर्णांकांचे तीन आठवडे शाळेतच नव्हता. दुसरी मुलगी काट मारू शकते, पण तिला कंटाळा येतो आणि हे ती मोकळेपणाने सांगते. तिसरी तिच्या शेजारी बसते.

४. उत्तरसूचीत छपाईची चूक असेल असे समजून मी पत्र लिहिले. ‘उत्तरसूची अंतिम आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून मी दूरध्वनी केला. सूची तयार करणाऱ्या लिपिकाने फोन घेतला. गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, “बाई, दोन्ही एकच आहे हे मलाही कळतं हो. पण गठ्ठे गेलेत शाळांना. आता बदलायचं म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सांगायला लागेल.”

मी विचारले, “मग सांगा ना.”

ते म्हणाले, “कोण सांगणार?”

महोदय, येथे एक गोष्ट स्पष्ट करते. अज्ञानाची मला किळस नाही. अज्ञान हे माझे रोजचे काम आहे. दरवर्षी जूनमध्ये ते चौतीस दप्तरे घेऊन माझ्यासमोर येऊन बसते आणि मला त्याचा लळा आहे. मला शिसारी येते ती या प्रकरणात कोणीच अज्ञानी नाही याची.

५. दि. १७ नोव्हेंबर रोजी आपले तपासणी अधिकारी शाळेत आले. वर्गात येऊन माझ्या खुर्चीवर बसले. मेजावर मुलांच्या रंगविलेल्या पट्ट्या होत्या, त्यांवर त्यांनी चहाचा कप ठेवला. मग एक पट्टी उचलली, तिची बारीक सुरळी केली आणि त्या सुरळीने कान कोरला. सुरळीचे टोक उजेडात धरून पाहिले आणि ती परत पट्ट्यांच्या ढिगात ठेवली. पहिल्या बाकावरच्या मुलीने ती दोन बोटांनी उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. ती पट्टी तिची होती.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर ५/१२ + ३/१२ लिहिले आणि ‘शंका’ला उभे केले. ती म्हणाली, “दोन छेद तीन.”

“बेरीज किती आली ते सांग. पुढचं कोणी विचारलंय?”

“साहेब, आठ छेद बारा आणि दोन छेद तीन एकच आहे.”

“एकच आहे ना? मग आठ छेद बारा सांगायला काय झालं?”

  शेरेबुकात साहेबांनी लिहिले : ‘विद्यार्थ्यांना आलेल्या उत्तरात स्वतःच्या मनाने फेरफार करण्याची सवय लागली आहे. शिक्षिकेस समज द्यावी.’

मुख्याध्यापकांच्या खोलीत दुसरा चहा घेताना हेच साहेब मुख्याध्यापकांना सांगत होते की त्यांच्या थोरल्या मुलीचे आठवीत संक्षिप्त रूप न दिल्यामुळे दोन गुण गेले, तेव्हा त्यांनी तिला चांगले फैलावर घेतले. दार उघडे होते. मी समज घेण्यासाठी बाहेर उभी होते.

६. चाचणीच्या निकालावरून शाळेला ‘ड’ श्रेणी मिळाली. दोनदा ‘ड’ आली की शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन होते, असा नियम आहे. त्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. आमच्याकडे पहिलीत एकोणतीस मुले आहेत, त्यांतली निम्मी अजून चपला उलट्या घालतात.

अपूर्णांकांत नापास ठरलेल्या एकतीस मुलांसाठी उपचारात्मक वर्ग काढण्याचा आदेश आला. जागा नव्हती म्हणून तो भांडारखोलीत भरविला. तेथे मोडकी बाके, ओल आलेले नकाशे आणि कपाटामागे मेलेला उंदीर होता. उंदीर दोन दिवसांनी सापडला, तोपर्यंत मुले नाकाला हात लावून अपूर्णांक लिहीत होती. आदेशाप्रमाणे ‘प्रगत’ मुलांना गटप्रमुख नेमायचे होते. त्यामुळे गालगुंडे झालेला मुलगा गटप्रमुख झाला. तो मला येऊन म्हणाला, “बाई, पण मला तर येतच नाही.” यावर काय सांगावे हे आदेशात दिलेले नव्हते. मी त्याला जाऊन बस म्हटले.

दि. १९ नोव्हेंबरला मुख्याध्यापकांनी मला बोलावले. तपासणी साहेबांनी मजकूर पाठविला होता, मी तो स्वहस्ते लिहून सही करायची होती. मजकूर असा : ‘मी विद्यार्थ्यांना अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देण्यास शिकवून चुकीची सवय लावली. त्यामुळे शाळेचा निकाल खालावला. याबद्दल मी दिलगीर असून क्षमा मागते. यापुढे असे होणार नाही.’

मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. निवृत्तीला त्यांचे आठ महिने उरले होते. ते म्हणाले, “बाई, गणित तुमचंच बरोबर आहे, कोण नाही म्हणतंय? पण शाळा गेली तर गणित कुठे बसून शिकवणार? घाला सही नि मोकळ्या व्हा.”

मी सही केली. कोणी हात धरला नव्हता. अक्षरही चांगले काढले. नंतर नळावर जाऊन हात धुतले, खडूचे नव्हते तरी.

७. मग मी मुलांना शिकविलेले पुसायला बसले. हे काम शिकविण्यापेक्षा सोपे असते, हे मला या वयात कळले. ‘आलंय तसं सोडा’ असे फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिले. जो काट मारील त्याच्या उत्तरावर लाल फुली मारली. बावीस वर्षांत बरोबर उत्तरावर मी मारलेल्या या पहिल्या फुल्या. तीन दिवसांत वर्ग सरळ झाला. चौथ्या दिवशी ‘शंका’ने हात वर केला.

“बाई, मग पट्टीचं खोटं होतं का?”

खरे उत्तर एका शब्दाचे होते. मी म्हणाले, “चाचणीपुरतं तसं धर.”

ती खाली बसली. वहीत काहीतरी लिहिले. बहुधा मी सांगितले तेच.

डिसेंबरच्या दुसऱ्या चाचणीत चौतीसपैकी चौतीस मुलांना अपूर्णांकांत पूर्ण गुण मिळाले. शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली. एका चाचणीत ‘ड’ वरून ‘अ’ वर आलेली ही एकमेव शाळा, म्हणून आपल्या कार्यालयाने आमच्या उपचारात्मक वर्गाचे कौतुक केले आणि दि. ११ जानेवारीच्या परिपत्रकासोबत माझा माफीनामा, माझ्या अक्षरात, माझ्या सहीसह, सर्व शाळांना नमुना म्हणून पाठविला. खाली इतर शिक्षकांनी सही करण्यासाठी जागा सोडली होती. गेल्या आठवड्यापर्यंत एक्केचाळीस जणांनी ती केली, असे कळते. नोकरीला लागून दोन महिने झालेल्या एका शिक्षिकेने कोठून तरी माझा क्रमांक मिळवून मला विचारले, “बाई, मी संक्षिप्त रूप अजून शिकवलेलंच नाही. तरी माफी मागायची का?”

मी तिला काय सांगितले ते येथे लिहीत नाही. तिची नोकरी नवीन आहे.

८. परिपत्रक ‘दर्शनी भागी लावावे’ असे होते, म्हणून शिपायाने ते पाण्याच्या नळाशेजारच्या सूचनाफलकावर लावले. नळावर रांग असते. रांगेत उभे राहून मुलांना वाचायला तेवढेच आहे.

फेब्रुवारीत शिंपी शाळेत आले. मापाची टेप गळ्यातच होती, दुकान अर्धवट सोडून आले होते. मला वाटले, पट्ट्या आणल्या असतील. ते बसले आणि म्हणाले, “बाई, तक्रार नाही. पण पोरगी आधी डोकं खायची. कापड बेतताना शेजारी उभी राहायची, एवढंच का, तेवढंच का. मी वैतागायचो. आता गप्प असते. परवा मीच मुद्दाम विचारलं, एका वार कापडात असे किती तुकडे निघतील ग? तर म्हणाली, बाई सांगतील तेवढे.”

मी त्यांना म्हटले, मी बघते.

ते उठता उठता म्हणाले, “तुम्हीच बघा. मला काही कळत नाही त्यातलं. हुशार होती म्हणायचे सगळे.” होती, असे म्हणाले.

९. दि. ३ मार्च रोजी पहिल्या तासाला मी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितले की संक्षिप्त रूपाबद्दल मी नोव्हेंबरमध्ये जे शिकविले ते खोटे होते, ते खोटे आहे हे मला माहीत होते, मी घाबरून ते शिकविले आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते. ही माफी कोणी लिहून दिलेली नव्हती.

 मग मागच्या बाकावरचा गटप्रमुख, गालगुंडांचा, उठून म्हणाला, “बाई, रागावणार नाही ना? आम्ही मागच्या पानावर करतो.” मी वह्या मागविल्या. तेहतीस वह्यांच्या शेवटच्या पानावर, बारीक पेन्सिलीत, प्रत्येक उत्तराला काट मारलेली होती. १०/१५ चे २/३. ६/८ चे ३/४. कोठे मसावि काढून एका दमात, कोठे दोनदोनने भागत हळूहळू. ज्याला येत नव्हते त्यालाही आता येत होते; त्याला भांडारखोलीत नापास मुलांनी शिकविले होते. पुढच्या पानावर माझ्यासाठी ८/१२ आणि मागच्या पानावर स्वतःसाठी खरे. चार महिने एकाही मुलाने मला हे कळू दिले नाही. महोदय, दहा वर्षांच्या मुलांना कार्यालयात कसे वागायचे ते आम्ही शिकविले आहे. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

चौतिसावी वही ‘शंका’ची. तिचे मागचे पान कोरे होते.

मी तिच्या बाकापाशी बसले. खाली वाकून पुन्हा सांगितले की पट्टीचे खरे होते, तुझे खरे होते, मी खोटे बोलले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण बाई, तिथं तुम्ही लिहून दिलंय. खाली तुमची सही आहे.”

इतर तेहतीस जणांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून ते वाचले. हिने ठेवला. तोंडी बोलणे आणि सही केलेला कागद यांत कागद खरा, हे तिला या शाळेतच शिकविले आहे. तिचे काही चुकलेले नाही.

मी मुख्याध्यापकांना तो कागद काढायला सांगितला. ते म्हणाले, कार्यालयाचे परिपत्रक कार्यालयाच्या लेखी आदेशाशिवाय काढता येत नाही. तपासणी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “आता कशाला उकरून काढताय? सगळं छान चाललंय.”

१०. सबब विनंती की,

(अ) माझा दि. १९ नोव्हेंबरचा माफीनामा मला मूळ प्रतीत परत मिळावा. त्यातील प्रत्येक विधान खोटे आहे. सही तेवढी माझी आहे आणि ती मी मागे घेत आहे.

(आ) दि. ११ जानेवारीचे परिपत्रक रद्द करून उरलेल्या एक्केचाळीस जणांचे कागदही त्यांना परत करावेत.

(इ) येत्या चाचणीच्या उत्तरसूचीत दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. न धरल्यास माझा वर्ग ‘ड’ श्रेणीला पात्र ठरेल, कारण ३ मार्चपासून मुले पुढच्या पानावर काट मारू लागली आहेत. शाळा विलीन करण्याची वेळ आल्यास पहिलीच्या एकोणतीस मुलांना रोज रस्ता कोण ओलांडून देणार हे आदेशात नमूद करावे. त्यासाठी तपासणी साहेबांची नेमणूक झाल्यास हरकत नाही.

(ई) माझ्यावर शिस्तभंगाची जी कारवाई करावयाची ती अवश्य करावी. चौकशीत कबुली हवी असेल तर तीही देईन : मी बरोबर उत्तरांवर लाल फुल्या मारल्या. या चार महिन्यांत माझ्याकडून घडलेला गुन्हा तो आहे आणि त्याबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेले नाही.

या अर्जाची एक प्रत, माझ्या सहीसह, आज शाळा सुटण्यापूर्वी मी नळाशेजारच्या सूचनाफलकावर लावली आहे. ती काढावयाची झाल्यास तसा आदेश लेखी द्यावा, म्हणजे तोही मुलांना वाचता येईल.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी
दि. ५ मार्च

सोबत :
१) पहिल्या चाचणीच्या एकतीस उत्तरपत्रिका, अपूर्णांकांत शून्य गुणांच्या
२) तेहतीस वह्यांची शेवटची पाने, नक्कल प्रतीत (मूळ पाने मुलांची आहेत, ती मिळणार नाहीत)
३) खाकी कागदाची पट्टी, एक, बारा भागांची, आठ रंगविलेले. कृपया तिच्यावर कप ठेवू नये.